पंचाहत्तरावं वर्ष, सत्तरावी स्पर्धा : एका जिमखान्याच्या टेनिस स्पर्धेचा इतिहास पडताळताना

पार्श्वभूमी

हे प्रकरण मध्य मुंबईतल्या एका जिमखान्याचं आहे. ओळख पटू नये म्हणून नाव दिलेलं नाही आणि काही तपशील बदलले आहेत. या जिमखान्याची खुली टेनिस स्पर्धा डिसेंबर १९४९ मध्ये सुरू झाली. पुरुष एकेरी आणि पुरुष दुहेरी पहिल्यापासून आहेत. महिला एकेरी काही वर्षांनी आली, ज्येष्ठांचे गट त्याहून उशिरा. मुंबई आणि ठाण्याचे खेळाडू नेहमीचे असतात, पुण्याहूनही दरवर्षी काही जण येतात. बक्षिसाची रक्कम कधीच मोठी नव्हती, पण या चषकावर नाव कोरलं जाणं मुंबईच्या टेनिस वर्तुळात मानाचं समजलं जातं.

मुंबईत मातीची कोर्टं जूनपासून सप्टेंबरअखेर बंदच असतात. पाऊस ओसरला की वरचा थर खरवडायचा, चाळलेला मुरूम पसरायचा, पाणी मारून रोलर फिरवायचा आणि मग रेषा आखायच्या. खेळण्याजोगं कोर्ट मिळेपर्यंत दिवाळी उजाडते. त्यामुळे स्पर्धा डिसेंबर ते फेब्रुवारी एवढ्याच खिडकीत बसते. वर्ष बदलतं नेमकं त्याच खिडकीत, आणि या प्रकरणातला अर्धा गोंधळ तिथेच जन्मला.

प्रश्न कुठे उभा राहिला

जानेवारी २०२४ ची स्पर्धा ‘७५वी’ म्हणून साजरी करायचं कार्यकारिणीने ठरवलं होतं. प्रायोजकाशी करार झाला होता, स्मरणिकेच्या जाहिराती घेणं सुरू होतं, टोप्या छापून आल्या होत्या. आकडा काढला होता सरळ वजाबाकीने : १९४९ ते २०२४ ही दोन्ही वर्षं धरून ७६, त्यातून टाळेबंदीमुळे न झालेलं २०२१ वजा, म्हणजे ७५.

स्मरणिकेसाठी विजेत्यांची यादी करायला एका सदस्याने सप्टेंबरमध्ये सन्मानफलकावरची नावं उतरवून घेतली. आधीच्या ७४ स्पर्धांची ७४ नावं हवी होती. पुरुष एकेरीची भरली ६६.

फरक आठचा. पहिली प्रतिक्रिया अशी होती की रंगाऱ्याकडून काही नावं राहिली असतील, स्मरणिकेत भरून घेऊ. भरायला नावं मात्र कुणाकडेच नव्हती. सुवर्णमहोत्सवी स्मरणिका काढून पाहिली, तर तिच्यात त्याच जागा रिकाम्या होत्या. यादी फलकावरूनच उतरवली होती, हे तिथेच लक्षात यायला हवं होतं. त्याऐवजी दोन ठिकाणी तीच माहिती दिसते म्हणजे ती पक्की, असा अर्थ काढण्यात दोन आठवडे गेले.

पुरावे : कुठे मिळतात, कुठे फसवतात

कार्यकारिणीने चार जणांचा गट नेमला. बँकेतून निवृत्त झालेले दोन सदस्य, जिमखान्यात अनेक वर्षं मार्कर (सदस्यांबरोबर सरावाला खेळणारा क्लबचा कर्मचारी) म्हणून काम केलेले एक गृहस्थ आणि नोंदी संगणकावर चढवायला एक विद्यार्थी. प्रत्येक मोसमाला एक ओळ, असा तक्ता केला. रकाने होते : तारखा, कोर्टाचा प्रकार, गट, विजेता, उपविजेता, गुणफलक, पहिला पुरावा, दुसरा पुरावा, दर्जा. एकमेकांवरून न उतरवलेले दोन समकालीन पुरावे असतील तर ‘अ’. एकच समकालीन पुरावा असेल तर ‘ब’. नंतर केलेली यादी किंवा कुणाची आठवण एवढंच असेल तर ‘क’.

या वर्गवारीने मोठं काम केलं. फलक, पंचवीस वर्षांची स्मरणिका आणि पन्नास वर्षांची स्मरणिका हे तीन पुरावे वाटत होते, पण तिघींचं मूळ एकच असल्यामुळे तो एकच पुरावा ठरला, आणि तोही नंतरचा.

*इतिवृत्तं.* कार्यकारिणीच्या सभांच्या वह्या तळमजल्यावरच्या कपाटात होत्या. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मध्य मुंबईतले सखल भाग पाण्याखाली गेले. त्यात हे कपाटही बुडालं. वह्या नंतर उन्हात वाळवल्या गेल्या. फाउंटन पेनची शाई वाहून गेली होती. गुळगुळीत कागदावरच्या जुन्या स्मरणिका एकमेकांना चिकटून विटेसारख्या घट्ट झाल्या होत्या. तसला कागद एकदा चिकटून वाळला की पानं सुटत नाहीत. टिकलं ते टंकलिखित पत्रांच्या कार्बन प्रतींवरचं, कारण कार्बनची काजळी पाण्यात विरघळत नाही. प्रवेशिकांच्या काही याद्या अशा कार्बन प्रतींमुळेच वाचता आल्या.

*ताळेबंद.* गटाच्या हाती लागलेला हा सर्वात भरवशाचा पुरावा, आणि तो शेवटी सुचला. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली नोंदलेल्या संस्थेला लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यावे लागतात. जिमखान्याच्या जुन्या लेखापरीक्षकांकडे बऱ्याच वर्षांच्या प्रती होत्या. उरलेल्यांपैकी काहींच्या प्रमाणित प्रती वरळीच्या कार्यालयातून अर्ज करून मिळाल्या. हिशेबात विजेत्याचं नाव नसतं, पण स्पर्धा झाली की नाही हे कळतं. ३२ खेळाडूंच्या एकेरीत ३१ सामने होतात. सामन्याला तीन नवे चेंडू धरले तर ९३ चेंडू, म्हणजे जवळजवळ आठ डझन एका गटालाच लागतात. स्पर्धेच्या वर्षी चेंडूखर्च एकदम चढलेला दिसतो, प्रवेश शुल्क जमेला येतं, मंडप आणि ध्वनिक्षेपकाचं भाडं असतं, आणि चषकावरची कोरणावळ असते. चारही नोंदी एकत्र दिसल्या तर खुली स्पर्धा झाली असं मानायला हरकत नाही.

*वृत्तपत्रं.* अंतिम सामना बहुधा रविवारी व्हायचा, म्हणून सोमवार-मंगळवारचे अंक पाहायचे. टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय इथे जुने अंक पाहायला मिळतात. तारीख हाताशी नसताना अंक चाळत बसणं म्हणजे आठवडे घालवणं. आधी ताळेबंदाच्या पावत्यांतून बक्षीस समारंभाची तारीख काढायची, मग अंक मागवायचा, हा क्रम लागल्यावर कामाला वेग आला. मराठी दैनिकांपैकी ‘लोकसत्ता’ १९४८ मध्ये सुरू झाला आणि ‘महाराष्ट्र टाइम्स’ १९६२ मध्ये. त्यामुळे पहिल्या तेरा-चौदा वर्षांसाठी इंग्रजी अंकांवर अधिक भिस्त ठेवावी लागली.

*चषक.* लाकडी बैठकीवर चांदीच्या छोट्या ढाली ठोकलेल्या आहेत, वर्षाला एक. पॉलिश करून करून जुन्या ढालींवरची अक्षरं झिजून सपाट झाली आहेत. समोरून उजेड टाकला तर काहीच दिसत नाही. खोलीत अंधार करून विजेरी ढालीला जवळजवळ समांतर धरली की खाचांच्या सावल्या पडतात आणि नाव वाचता येतं. प्रत्येक ढालीचे असे चार बाजूंनी चार फोटो घेतले. एका जागी ढाल नव्हतीच, खिळ्यांची दोन भोकं तेवढी होती.

*गुणफलक.* यादी खरी की खोटी हे गुणफलकही सांगतो. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत १९५८ च्या अंतिम सामन्याचा एक सेट ७-६ असा छापला होता. ते शक्यच नाही, कारण मोठ्या स्पर्धांमध्ये टायब्रेक (बरोबरीनंतर सेटचा निकाल लावणारा एक जादा गेम) पहिल्यांदा आला तो १९७० च्या अमेरिकन ओपनमध्ये; त्याआधी दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत सेट चालायचा. वृत्तपत्रात तो सेट ७-५ निघाला. याउलट सत्तरच्या दशकातला एक ९-८ असा सेट चुकीचा वाटत होता, पण तो बरोबर असू शकतो : विम्बल्डनमध्ये १९७१ ते १९७८ या काळात टायब्रेक ८-८ वर खेळला जाई, आणि आपल्याकडच्या क्लबांनी तोच नियम उचलला असल्यास नवल नाही.

आठ जागांचा शोध

*१९७१.* या वर्षी फलकावर नाव नाही, कारण या कॅलेंडर वर्षात स्पर्धाच नव्हती. स्पर्धा नेहमीप्रमाणे डिसेंबरात ठरली होती. ३ डिसेंबरला युद्ध सुरू झालं, शहरात ब्लॅकआउट झाला. युद्ध १६ डिसेंबरला थांबलं आणि स्पर्धा जानेवारी १९७२ मध्ये खेळवली गेली. पुढे जानेवारीच सोयीचा वाटला म्हणून तोच कायम झाला. म्हणजे मोसम एकही बुडाला नाही, कॅलेंडरवर मात्र एक वर्ष रिकामं पडलं, आणि वर्षं मोजणाऱ्यांनी ते धरलं. असं मोठ्या स्पर्धांचंही होतं. ऑस्ट्रेलियन ओपन १९७७ मध्ये दोनदा झाली, जानेवारीत आणि डिसेंबरात. पुन्हा जानेवारीकडे वळताना १९८६ हे वर्ष मोकळं गेलं.

*१९६२.* चीनबरोबरच्या युद्धानंतरचा डिसेंबर. ताळेबंदात चेंडूखर्च नेहमीच्या सरावाइतकाच, प्रवेश शुल्क शून्य, आणि खर्चात राष्ट्रीय संरक्षण निधीला दिलेली रक्कम. स्पर्धा झाली नाही.

*१९८८ आणि १९८९.* मातीची कोर्टं उखडून हार्ड कोर्टं केली जात होती. ठेकेदाराची बिलं दोन आर्थिक वर्षांत विभागलेली आहेत. स्पर्धा झाली नाही.

*१९६९.* फलकाच्या पहिल्या चौकटीत २० ओळी आहेत, डोळ्यांना दिसत होत्या १९. दुसरी चौकट जोडताना सुताराने सांध्यावर सागाची पट्टी मारली आणि विसावी ओळ तिच्याखाली गेली. निवृत्त मार्करना ती पट्टी नंतरची असल्याचं आठवत होतं. पट्टी काढली तर सोनेरी अक्षरं जशीच्या तशी होती.

*२००६.* पुरानंतर फलक पॉलिशसाठी उतरवला होता. जानेवारी २००६ ची स्पर्धा त्याच काळात झाली आणि नाव लिहायचं राहिलं. चषकावर ढाल आहे, वृत्तपत्रात निकाल आहे.

*१९९३.* त्या जानेवारीत मुंबईत दंगली उसळल्या होत्या, अनेक भागांत संचारबंदी होती. स्पर्धा उपांत्य फेरीपर्यंत खेळली गेली आणि थांबली. कोण कोणाशी खेळणार हे दाखवणारा ड्रॉचा कागद सापडला आहे. अंतिम सामन्याच्या जागी काही लिहिलेलं नाही.

*१९७७.* चेंडूखर्च वाढलेला आहे, पण कोरणावळीची नोंद नाही, मंडपाचं भाडं नाही, आणि प्रवेश शुल्क सदस्यांच्या वर्गणीत मिसळलेलं आहे. वृत्तपत्रांत काही नाही. इतिवृत्ताची वही पुरात गेली. चषकावरची खिळ्यांची भोकं याच वर्षाच्या जागी आहेत, पण ती ढाल पडली की ठोकण्याआधीच बेत बदलला, हे भोकांवरून ठरत नाही. खुली स्पर्धा झाली असेल किंवा सदस्यांपुरतीच झाली असेल.

हिशेब असा लागला. फलकावर दिसणारी ६६, त्यात १९६९, २००६ आणि १९९३ धरून ६९ स्पर्धा झाल्या. एक अनिर्णित. म्हणजे येणारी स्पर्धा ७०वी.

शोधात निघालेले आणखी तीन पेच

पहिला पेच १९४९ आणि १९५० चा. प्रवेशिकांच्या कार्बन प्रतींवरून दिसलं की ही दोन वर्षं स्पर्धा फक्त जिमखान्याच्या सदस्यांसाठी होती. ‘खुली’ म्हणायची तर मोजणी १९५१ पासून करावी, असा आग्रह एका सदस्याने धरला, आणि त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं. पण फ्रेंच स्पर्धा १८९१ मध्ये सुरू झाली आणि १९२५ पर्यंत फक्त फ्रेंच क्लबांच्या सदस्यांसाठी होती. तरी तिचा इतिहास १८९१ पासूनच सांगितला जातो. गटाने दोन्ही वर्षं मोजणीत ठेवली आणि यादीत त्यांच्यापुढे ‘सदस्यांसाठी मर्यादित’ असं लिहिलं.

दुसरा पेच नाजूक होता. पन्नासच्या दशकातल्या एका वर्षी फलकावर जे नाव आहे ते खुल्या एकेरीच्या विजेत्याचं नसून हँडिकॅप एकेरीच्या विजेत्याचं निघालं. हँडिकॅपमध्ये बलवान खेळाडूला प्रत्येक गेम उणे १५ किंवा उणे ३० वरून सुरू करावा लागतो, कमकुवत खेळाडूला १५ किंवा ३० आधीच मिळतात. त्या काळात दोन्ही गटांचे चषक सारखेच दिसत आणि रंगाऱ्याला दिलेल्या चिठ्ठीत गट लिहिलेला नव्हता. खऱ्या विजेत्याचं नाव दोन वृत्तपत्रांत आणि चषकाच्या ढालीवर आहे. दुरुस्ती करायची हे उघड होतं. प्रश्न होता ज्यांचं नाव उतरणार त्यांच्या कुटुंबाला काय सांगायचं हा. गटातले दोघे ज्येष्ठ कात्रणं घेऊन त्यांच्या मुलाकडे गेले आणि फलक बदलण्याआधी सगळं दाखवलं. हँडिकॅप विजेत्यांचा वेगळा फलक करावा ही सूचना त्या घरातूनच आली, आणि ती मान्य झाली.

तिसरा पेच महिला एकेरीचा. स्मरणिकेच्या मसुद्यात सर्वाधिक विजेतेपदं एका खेळाडूच्या नावावर दाखवली होती, चार. यादीत त्याच काळात एका ‘कु.’ खेळाडूची दोन आणि एका ‘सौ.’ खेळाडूची तीन होती. बक्षीस समारंभाचे दोन फोटो शेजारी ठेवल्यावर मार्कर म्हणाले की दोघी एकच आहेत, डावखुऱ्या होत्या आणि बॅकहँड स्लाइस करायच्या. आपल्याकडे लग्नानंतर आडनावाबरोबर पहिलं नावही बदलण्याची पद्धत होती, त्यामुळे दोन्ही नावांत एकही अक्षर जुळत नव्हतं. आठवणीवर नोंद बदलायची नाही असा नियम होता, म्हणून जिमखान्याच्या सदस्यत्वाचा अर्ज काढला. त्यात माहेरचं नाव होतं. पाच विजेतेपदं एकाच खेळाडूची ठरली आणि विक्रम बदलला. त्या बाई आज वयस्कर आहेत. कोणतं नाव लिहायचं हे त्यांनाच विचारलं, आणि त्यांनी दोन्ही लिहायला सांगितली. हा शोध सगळ्या कामात सर्वात मोलाचा होता असं मला वाटतं. पुरुषांच्या यादीवर आठ जागांसाठी तीन महिने घालवणाऱ्या जिमखान्याने महिलांची यादी तोवर एकदाही तपासली नव्हती.

कोणते पर्याय होते

*‘७५वी’ तशीच ठेवायची.* बाजू मांडणाऱ्यांचं म्हणणं असं की करार झाला आहे, कुणी मोजायला येत नाही आणि ‘अमृत महोत्सव’ म्हटल्यावर माणसं जमतात. धोका असा की स्मरणिकेत विजेत्यांची यादी छापायची होती, आणि ती मोजली की आकडा तिथेच उघडा पडणार.

*रिकाम्या जागा ‘तपशील उपलब्ध नाही’ म्हणून भरायच्या आणि ७५ राखायच्या.* हा पर्याय सर्वात जास्त लोकांना पटत होता आणि सर्वात वाईट होता. न झालेल्या तीन स्पर्धांना त्यामुळे झालेल्या स्पर्धांचा दर्जा मिळाला असता आणि पुढच्या स्मरणिकाकाराला ते पुन्हा खोदून काढावं लागलं असतं.

*सोहळा पाच वर्षं पुढे ढकलायचा.* प्रामाणिक, पण पन्नासच्या दशकातले हयात खेळाडू तेव्हा किती असतील, हा प्रश्न कुणी तरी विचारला आणि पर्याय गळाला.

*वर्ष आणि स्पर्धा वेगवेगळी मोजायची.* डिसेंबर १९४९ पासून मोजलं तर जानेवारी २०२४ पंचाहत्तराव्या वर्षात येतो, हे निर्विवाद. स्पर्धा सत्तरावी, हेही पुराव्याने सिद्ध. विम्बल्डनने शताब्दी १९७७ मध्ये साजरी केली, १८७७ ला शंभर वर्षं झाली म्हणून. ती स्पर्धा मात्र ९१वी होती, कारण १९१५ ते १९१८ आणि १९४० ते १९४५ अशी दहा वर्षं ती झाली नव्हती. तिथे आजही न झालेली वर्षं मोजत नाहीत : २०१९ ची १३३वी, २०२० ला नाही, २०२१ ची १३४वी.

निर्णय आणि कार्यवाही

नोव्हेंबरच्या सभेत चौथा पर्याय मंजूर झाला. विम्बल्डनचं उदाहरण मांडल्यावर विरोध निवळला. शब्दरचना ठरली : ‘पंचाहत्तरावं वर्ष, ७०वी स्पर्धा’.

प्रायोजकाला दुसऱ्याच दिवशी तक्ता आणि पुराव्यांच्या प्रती देऊन कळवलं. प्रायोजकाची अट एवढीच होती की ७५ हा आकडा मोठ्या अक्षरांत राहावा. तो राहिलाच. टोप्यांवर नुसतं ‘७५’ छापलेलं होतं, त्यामुळे त्या वाया गेल्या नाहीत. फ्लेक्स आणि निमंत्रणपत्रिका नव्याने कराव्या लागल्या.

१९९३ वर जास्त चर्चा झाली. दोन्ही अंतिम खेळाडूंना आता संयुक्त विजेते घोषित करावं, अशी सूचना आली. गटाने ती नाकारली. त्या वेळच्या रेफरीने तसा निर्णय दिला नव्हता, आणि तीस वर्षांनी कार्यकारिणीला तो द्यायचा अधिकार नाही. फलकावर वर्ष लिहून पुढे ‘अंतिम सामना झाला नाही’ आणि खाली दोघांची नावं, असं ठरलं. हा निर्णय मला पूर्णपणे योग्य वाटतो. संयुक्त विजेतेपद दिलं असतं तर त्या जानेवारीत शहराचं काय झालं होतं हे फलकावरून पुसलं गेलं असतं.

१९७७ मोजणीत धरलं नाही, पण यादीतून वगळलंही नाही. ‘पुरावा अपुरा’ असा शेरा मारून ओळ रिकामी ठेवली. उद्या पुरावा मिळाला तर पुढचे सगळे क्रमांक एकाने सरकतील, हे इतिवृत्तात आधीच नोंदवून ठेवलं, म्हणजे तेव्हा पुन्हा वाद नको.

निष्पत्ती

स्मरणिकेत ६९ स्पर्धांची यादी दर्जासह छापली : ४७ ‘अ’, १९ ‘ब’, ३ ‘क’. बक्षीस समारंभानंतरच्या काही आठवड्यांत जुन्या खेळाडूंच्या घरांतून कात्रणं, फोटो आणि दोन मूळ ड्रॉ आले. दर्जा उघडपणे लिहिला होता म्हणून लोकांना नेमकं काय हवं ते कळलं. ‘क’ मधली एक नोंद त्यातून ‘अ’ झाली. ‘महिला एकेरी’च्या फलकावर पाच ओळींपुढे दोन्ही नावं आली.

नाराजीही झाली. ज्यांनी मागच्या वर्षीच्या प्रमाणपत्रावर ‘७४वी’ छापलेलं जपून ठेवलं आहे, त्यांना हा आकडा कागदावर पाहताना खटकतं. प्रमाणपत्रं बदलून देण्याची तयारी जिमखान्याने दाखवली. फार जणांनी मागितली नाहीत.

काय वेगळं करता आलं असतं

सुरुवात फार उशिरा झाली. अशा पडताळणीला दीड वर्ष हाताशी हवं. प्रमाणित प्रतींचे अर्ज, ग्रंथालयांच्या वेळा, वयस्कर खेळाडूंना भेटणं हे सगळं चौदा आठवड्यांत कोंबल्यामुळे दुहेरीची यादी तपासलीच गेली नाही, आणि ती स्मरणिकेत छापायला नको होती. ती जुन्या फलकावरून उतरवून छापली गेली, दर्जा न लिहिता.

ताळेबंद पहिल्या दिवशी पाहायला हवे होते. कोणत्या वर्षी स्पर्धा झाली हे आधी ठरवायचं आणि मग विजेता शोधायचा, या क्रमाने गेलं तर निम्मा वेळ वाचतो. गटाने उलट केलं आणि १९६२ च्या विजेत्याच्या शोधात वृत्तपत्रांचे दोन महिन्यांचे अंक चाळले.

माजी विजेत्यांना आकडा बदलल्याचं निमंत्रणपत्रिकेतून कळलं. हँडिकॅपच्या बाबतीत जी काळजी घेतली ती सगळ्यांच्या बाबतीत घ्यायला हवी होती. एक पानाचं पत्र पुरलं असतं.

पुढच्यासाठी जिमखान्याने जी पद्धत घातली ती अशा कुठल्याही स्पर्धेला घेता येईल. अंतिम सामना संपला की त्याच संध्याकाळी ड्रॉच्या कागदावर रेफरी आणि दोन्ही अंतिम खेळाडूंच्या सह्या. कागदावर तारीख, मोसम (‘२०२३-२४’ असा, नुसतं वर्ष नाही), गट, कोर्टाचा प्रकार, चेंडूचा ब्रँड, प्रवेशिकांची संख्या. पुढे चाल मिळालेले आणि अर्धवट सोडलेले सामने वेगळ्या खुणेने. नाव खेळाडूने स्वतः लिहायचं, पूर्वीचं नाव असेल तर तेही. शाई बॉलपेनची. तीन प्रती : एक पहिल्या मजल्यावरच्या कपाटात, एक लेखापरीक्षकांकडे हिशेबाबरोबर, एक स्कॅन करून. कोरणाऱ्याला आणि रंगाऱ्याला चिठ्ठी द्यायची नाही, या कागदाची छायाप्रत द्यायची, आणि अक्षरं ताडून पाहिल्याशिवाय बिल चुकतं करायचं नाही.

जानेवारी २०२४ चा असा पहिला कागद भरला गेला. दुहेरीचं काम त्याच गटाकडे आहे. तिथे प्रत्येक ओळीत दोन नावं आहेत आणि जोडीदार दरवर्षी बदलतात, त्यामुळे एकेरीपेक्षा वेळ जास्त लागेल. सध्या साठच्या दशकातले ताळेबंद आणि वृत्तपत्रं ताडून पाहणं चालू आहे.